उपाशीपोटी गोळी

सत्यभामाबाई कॉलेजला येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन डबे असतात. एक त्यांचा आणि एक कोणाचा, ते त्या दिवशी ठरायचं असतं. प्रॅक्टिकलच्या घाईत न जेवता आलेली एखादी पोर, फाटकावरचा चौकीदार, बिल भरायला आलेला आणि बाबू जागेवर नाही म्हणून ताटकळलेला माणूस, यांतला कोणीतरी दुपारपर्यंत सापडतोच. कोणीच सापडलं नाही तर मागच्या खिडकीत येणाऱ्या खारी आहेत. नोकरीच्या कागदावर त्यांचं काम लॅब अटेंडंटचं आहे. काचेची भांडी धुवायची, गॅस बघायचा, किल्ल्या सांभाळायच्या. जेवू घालण्याचं काम त्यांना कोणी दिलेलं नाही, ते त्यांनी बावीस वर्षांपूर्वी स्वतःहून घेतलं आणि आजवर कोणी काढून घेतलं नाही.

माहेर खैरलांजीकडचं. घरात सात भावंडं आणि धानाची शेती. आठवी झाली आणि पुढची शाळा लांब होती म्हणून शिक्षण तिथंच थांबलं. लग्न होऊन त्या बालाघाटला आल्या. नवरा प्रेमलाल, लाकूड डेपोवर चौकीदार. आता ते रिटायर होऊन घरी आहेत आणि त्यांचे गुडघे त्यांच्याही आधी रिटायर झालेत. सत्यभामाबाई कॉलेजात लागल्या त्या वनस्पतिशास्त्राच्या खोलीवर. कुंड्यांना पाणी घालायचं, वाळवलेली पानं वहीत नीट ठेवायची. चार वर्षांपूर्वी कॉलेजात जीवाणूंचा नवा वर्ग निघाला आणि घनश्याम सरांनी त्यांना आपल्याकडं मागून घेतलं.

"झाडं सोडून किड्यायकडं धाडलं मले," असं त्या आठवडाभर म्हणत होत्या.

आठवड्यानंतर म्हणेनाशा झाल्या, कारण काम आवडलं. दाबाच्या वाफेचं ते मोठं भांडं, ज्यात सगळं निर्जंतुक करायचं, ते त्यांच्या दृष्टीनं मोठा कुकर होता आणि कुकर त्यांना कळत होता. पंधरा पौंडाचा दाब, वीस मिनिटं, मग वाफ आपली आपण उतरू द्यायची. बाटलीचं तोंड दिव्याच्या आचेजवळच उघडायचं, तोंड फिरवून शेकायचं, बूच खाली ठेवायचं नाही. देवघरात सोवळं पाळणाऱ्या बाईला यात नवीन काही नव्हतं. पोरांच्या हातच्या बाटल्यांत दर पावसाळ्यात बुरशी यायची, सत्यभामाबाईंच्या हातची बाटली कधी विटली नाही. घनश्याम सर तर परीक्षेच्या वेळी महत्त्वाची बाटली त्यांच्याच हातून भरून घेत.

अशा त्या खोलीत गेल्या वर्षी श्रुतिका आली. लामत्याची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, अंगानं काडी आणि बोलायला चिमणी. घरी मराठी, पण जिभेवर हिंदी जास्त. दिवाळीच्या आधी एक दिवस ती गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेली आणि हातात दोन बरण्या काळा गाळ घेऊन दारात उभी राहिली.

"थांब तिथंच," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आत्ताच फरशी पुसली मी. हे काय आनलं व?"

"मावशी, नाल्यातला गाळ आहे. दवाखान्यांच्या मागून जो नाला नदीला जातो ना, त्यातला."

"अन् त्याचं काय करतं?"

"दवाई खाने वाले जीवाणू ढूँढने हैं."

पाय धुऊन आल्यावर तिनं समजावून सांगितलं. आपण तापाची गोळी घेतो. तिच्यातलं थोडं अंगाला लागतं, थोडं लघवीवाटे बाहेर जातं. तिथून नाली, नालीतून नाला, नाल्यातून वैनगंगा. ताप उतरतो, पण गोळी काही नाहीशी होत नाही. पाण्यात ती अगदी कणभर असते, पण रोज असते, आणि मासे-बेडकांना ती न मागता घ्यावी लागते. मात्र त्याच गाळात काही जीवाणू असे असतात की दुसरं काही खायला मिळालं नाही तर ते ही गोळीच खायला शिकतात. तिचे तुकडे करतात, त्या तुकड्यांवर जगतात आणि मागं उरतं ते साधं पाणी आणि वारा.

घनश्याम सर टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "आपलं जे औषध, ती त्यांची भाकर होते, सत्यभामाबाई."

हे वाक्य त्यांच्या मनात बसलं. संध्याकाळी प्रेमलालनी जेवून झाल्यावर गुडघ्याची गोळी हातावर घेतली, तेव्हा त्या बघतच राहिल्या.

"काय पाह्यतं व अशी?"

"तुमची गोळी वैनगंगेत जाऊन राह्यली म्हनते पोट्टी."

"माह्यी गोळी तं पोटात जाऊन राह्यली."

"पोटातून कुठं जाते?"

प्रेमलालनी जरा विचार केला. "म्हंजे मासोळ्यायचे गुडघे चांगले असन मंग," म्हणाले, आणि पाण्याबरोबर गोळी गिळली.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत श्रुतिकाचं एकच काम चाललं. निमुळत्या गळ्याच्या बाटलीत पाणी, चिमटीभर क्षार आणि तापाच्या औषधाची शुद्ध पूड. खायला दुसरं काहीही नाही. त्यात गाळाचं थोडं पाणी सोडायचं. बहुतेक जीवाणू उपाशी मरायचे, ज्यांना गोळी पचते ते तगायचे. पंधरा दिवसांनी त्यातले थेंब घेऊन नव्या बाटलीत सोडायचे आणि जुनी बाटली नियमाप्रमाणे मोठ्या कुकरमध्ये उकळून संपवायची. असं करत करत तीन महिन्यांनी ती जमात तयार झाली. मधेच पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. मग रंग फिका पडत जायचा आणि बाराव्या दिवशी सर चाचणी घ्यायचे. काचेच्या नळीत बाटलीतलं पाणी घेऊन त्यात एका पिवळ्या द्रावाचे चार थेंब टाकायचे. औषध असलं तर पाणी निळं-जांभळं होतं. नसलं तर पिवळंच राहतं. दोनदा पिवळं राहिलं. आता तिसऱ्यांदा तसंच आलं की झालं, कारण तीनदा एकसारखं आल्याशिवाय सर सही करत नसत, आणि सहीची फाईल मार्च संपायच्या आत द्यायची होती. फाईल गेली नाही तर वर्ष जाणार. लामत्याला तिच्या मागं धाकटी बहीण शिकायची होती. आणखी एक वर्ष खोलीभाडं देऊन बालाघाटला राहणं तिच्या घरच्यांना जमणार नव्हतं, हे ती हसत हसत सांगायची, पण सांगायची.

सत्यभामाबाईंना हे सगळं पटत होतं, एक गोष्ट सोडून. बाकीच्या पोरांच्या बाटल्यांत पिवळाधमक पोषक काढा असायचा. त्यांचे जीवाणू एका रात्रीत फुगून यायचे. आणि श्रुतिकाच्या बाटल्यांत नुसतं पाणी आणि गोळी.

"यायचं कोनी नाही का व?" त्यांनी एकदा विचारलंही.

"काहून मावशी?"

"नाही, त्या पोट्ट्यायच्या बाटल्या कशा लठ्ठ आहेत. तुह्याच्या बिचाऱ्या वाळून राह्यल्या."

श्रुतिका हसली आणि तोलायला बसली. उत्तर दिलं नाही. तेवढं उत्तर तेव्हा दिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

होळी आली. श्रुतिका पाच दिवस लामत्याला निघाली. तिसऱ्या फेरीच्या दोन बाटल्या मांडणीवर होत्या. बाटल्या हलवत ठेवणारं यंत्र जानेवारीपासून बंद पडलेलं होतं, म्हणून हलवायचं काम हातानं.

"मावशी, दिवसातून चार वेळा फिरवून ठेवायच्या. बस. और कुछ नहीं करना."

"जाय तू. पुरनपोळी खाय पोटभर."

कॉलेज बंद, तरी होळीच्या दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई रंग खेळणाऱ्या पोरांना चुकवत, पदर डोक्यावर ओढून आल्या. शाळा-कॉलेजं ओस, वर्‍हांड्यात पाखरंसुद्धा नाहीत. त्यांनी बाटल्या उजेडात धरून फिरवल्या. आत काही दिसत नव्हतं. होळीच्या दिवशी सगळ्या गावाच्या घरात पुरण शिजलेलं आणि इथं या दोन बाटल्या, त्यांच्या हिशेबी, कालपासून नुसत्या गोळीवर.

आणि त्यांना आठवलं की आठच दिवसांपूर्वी डॉक्टरनी प्रेमलालना दटावून सांगितलं होतं, रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही, आतडी जळतात. तेव्हापासून त्या गोळीच्या आधी प्रेमलालना दोन घास भाताचे खायला लावत. साध्या घरच्या माणसाला जे कळतं ते या पोरांना कसं सुचलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. शिकलेली माणसं मोठ्या गोष्टी बघतात, ही घरची गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली असणार.

दुसऱ्या दिवशी त्या चिन्नोर तांदळाची पेज घेऊन आल्या. पातळ, मीठ न घातलेली, धुतलेल्या मलमलीतून दोनदा गाळलेली. छोट्या बाटलीत भरून मोठ्या कुकरमध्ये ठेवली. पंधरा पौंड, वीस मिनिटं. निववली. दिवा लावला, तोंड शेकलं, आणि आचेजवळ धरून पहिल्या बाटलीत दोन चमचे पेज सोडली. दुसऱ्या बाटलीतही दोन चमचे, कारण एकीला देऊन दुसरीला तसंच ठेवणं त्यांच्याच्यानं झालं नसतं.

"घ्या," त्या म्हणाल्या, "आता गोळी लागन अंगाले."

त्या संध्याकाळी त्या फार समाधानात घरी गेल्या.

श्रुतिका परत आली तेव्हा दोन्ही बाटल्या दुधासारख्या झालेल्या. तिनं पिशवी खांद्यावरून न उतरवता बाटली उचलली आणि सत्यभामाबाईंचा हात धरून एक गिरकी घेतली. "मावशी, देखो तो. इतके कधीच आले नव्हते." तिनं फोटो काढले, सरांना बोलावलं. सत्यभामाबाई मनातून सुखावल्या. पोरीनं विचारलं असतं तर सांगितलंही असतं.

घनश्याम सरांनी बाटली उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. "वाढले खूप. पण पाणी चहाच्या रंगाचं झालंच नाही मधे?"

"मी नव्हते ना सर."

"थेंब टाक बघू."

तिनं नळीत पाणी घेतलं. चार थेंब. नळी शाईसारखी निळी झाली. दुसरी बाटली. तीही निळी. पुन्हा नव्या नळ्या, पुन्हा थेंब. निळं.

"औषध आहे तेवढं आहे," सर म्हणाले. "कणसुद्धा खाल्लेला नाही. मग एवढे वाढले कशावर? यांना दुसरं काहीतरी आयतं मिळालंय."

सत्यभामाबाई मोरीपाशी नळ्या धूत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला.

मागं श्रुतिका बोलत होती. आवाज बारीक होत चालला होता. "सर, मीच चुकले असेन. तोलताना दुसरी पूड घेतली असेल. या फिर पानी में कुछ था." ती आपली वही उघडून पानं उलटत होती, तोलकाट्याचे आकडे पुन्हा बेरजेला लावत होती. "मुझसे ही हुआ होगा, सर. घाईत होते मी, बस सुटत होती."

सत्यभामाबाईंनी नळ बंद केला.

"पेज देली मी," त्या म्हणाल्या.

दोघंही वळले.

"दोन दोन चमचे. दोन्हीले. होळीच्या तिसऱ्या दिवशी."

श्रुतिकाचं तोंड उघडं राहिलं. सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि विचारलं, "कसली पेज?"

"चिन्नोरची."

"उकळलेली?"

"मोठ्या कुकरात. पंधरा पौंड, वीस मिनटं."

"उघडली कुठं?"

"दिव्याजवळ. कुठं उघडतो मी रोज?" इतक्या अपराधातही त्यांना हा प्रश्न लागला.

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. श्रुतिका हळूच म्हणाली, "पण काहून, मावशी?"

"उपाशीपोटी गोळी घ्या लागत नाही न, बाई. डाक्टरच सांगते."

श्रुतिका हसायला लागली. हसता हसता स्टुलावर बसली, ओढणी तोंडाला लावली, आणि मग ते हसणं नव्हतं. सत्यभामाबाई तिच्याजवळ गेल्या, पण डोक्यावरून हात फिरवायचा धीर त्यांना झाला नाही. ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या.

"रडू नको," सर म्हणाले. "आणि बाई, तुम्हीही बसा. ऐका. पोरांच्या पुढं वरण-भात आणि जिलेबी एकदम ठेवली तर काय होतं?"

"जिलेबी उडते."

"तेच झालं. पेज म्हणजे त्यांची जिलेबी. गोळी फोडायला त्यांना किती खटपट लागते, पेज नुसती ओठाला लावायची. ती मिळाली, गोळीकडं कोण बघतो? ज्यांना गोळी मुळीच पचत नव्हती तेही त्या पेजेवर माजले. पण गोळी खाणारे मेलेले नाहीत. या गर्दीत आहेत कुठंतरी. आणि बाईंच्या हातून बाहेरचा एकही जंतू आत गेलेला नाही, याबद्दल माझी खात्री आहे. म्हणजे घरचीच माणसं आहेत, फक्त लाडावली आहेत."

"मग?" श्रुतिकानं नाक पुसत विचारलं.

"पुन्हा उपाशी ठेवायची. गाळापासून सुरुवात करायला तीन महिने लागतील, तेवढे आपल्याजवळ नाहीत. यांना जुनी सवय आठवली तर वीस दिवसांत होईल."

"आणि नहीं याद आई तो?"

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मार्चचा दुसरा आठवडा चालू होता.

त्याच दिवशी बाटल्यांतलं दुधाळ पाणी नळ्यांत भरून गरगर फिरणाऱ्या यंत्रात घातलं. जीवाणू तळाशी बसले, वरचं पेजेचं पाणी काढून टाकलं. साधं क्षाराचं पाणी घातलं, पुन्हा फिरवलं. तांदूळ धुवावेत तसं तीन पाण्यांतून काढलं. मग नव्या बाटल्या, नवी पूड. बूच लावताना सत्यभामाबाई लांब, खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी हातसुद्धा पाठीमागं धरलेले.

श्रुतिकानं बाटल्या मांडणीवर ठेवल्या आणि म्हणाली, "मावशी, दिवसातून सहा वेळा फिरवायच्या आहेत या वेळी."

"मी?"

"मग काय सर फिरवतील?"

सत्यभामाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला, कारण पदराचे धागे खोलीत उडू नयेत असा त्यांचाच नियम होता.

पहिला आठवडा काही झालं नाही. बाटल्या नितळ, नळीतले थेंब निळे. श्रुतिकाचा डबा अर्धा परत जायला लागला. सरांनी पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यातलंच थोडं पाणी घेऊन आणखी नव्या बाटल्यांत सोडलं आणि म्हणाले, "ही शेवटची संधी. यानंतर वेळ नाही."

पाडव्याला घरोघरी गुढी उभी राहिली आणि चैत्राचं नवरात्र बसलं. सत्यभामाबाईंच्या घरी दर वर्षी टोपलीत माती घालून गव्हाचे जवारे पेरतात, आणि त्या नऊ दिवस उपास करतात. साबुदाणा, बटाटा, शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचे लाडू. उपासाच्या दिवसांत त्यांच्या घरी एरवीपेक्षा जास्त खाल्लं जातं, असं प्रेमलाल म्हणतात. या वर्षी त्यांनी साबुदाणा भिजवलाच नाही.

"काय व, साबुदाना संपला का?"

"चहा अन् एखादं केळ. बस."

"काहून? देवीनं सांगतलं?"

"ते तिकडं उपाशी, अन् मी इकडं लाडू खाऊ?"

प्रेमलाल खाटेवर उठून बसले. "किड्यायच्या बरोबरीनं उपास धरलेली बाई मी आजलोक पाह्यली नव्हती. देवीले समजावून सांगशीन न? तिले वाटन तिच्यासाठीच धरला."

"देवीले सगळं समजते. तुम्हालेच समजत नाही."

कॉलेजात त्यांचा दुसरा डबा त्या दिवसांत प्रयोगशाळेच्या आत येत नव्हता. चौकीदाराकडं फाटकावर ठेवून त्या आत यायच्या, कारण मांडणीसमोर अन्नाचा वाससुद्धा त्यांना नको होता. सहा वेळा बाटल्या फिरवायच्या. दोन्ही हातांत एकेक, मनगटानं हळूहळू, फेस न आणता. फिरवता फिरवता त्यांच्याशी बोलायच्या. "खाय न बाप्पा. आहे तेच खाय. दुसरं नाही भेटत आता." एकदा घनश्याम सर दारात उभे राहून ऐकत होते. मग पाऊल न वाजवता परत गेले.

चौथ्या दिवशी बाटलीत अगदी किंचित धूसरपणा आला. श्रुतिकाला दिसेना, तिनं दोनदा डोळे चोळले. सत्यभामाबाईंना दिसला. वर्षानुवर्षं काच धुतलेल्या नजरेला काचेचा धूसरपणा आणि पाण्याचा धूसरपणा यातला फरक कळतो.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या आणि मांडणीकडं वळल्या. दोन्ही बाटल्यांतलं पाणी पातळ चहाच्या रंगाचं झालं होतं. त्यांनी श्रुतिकाला फोन लावला. ती एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल घालून पळत आली.

"सर, थेंब टाकू?"

"नको," सर म्हणाले. "हे अर्धं चावलेलं आहे. पहिला घास तोडला की जो तुकडा निघतो तो मूळ औषधापेक्षाही वाईट असतो, आणि थेंब टाकले तर तोही रंग दाखवेल. आत्ता बघायचं नाही. पूर्ण गिळू द्या त्यांना."

मग थांबणं आलं. सातवा दिवस तसाच. आठव्या दिवशी, अष्टमीला, रंग कालच्यापेक्षा फिका वाटला. श्रुतिका म्हणाली फिका आहे, सर म्हणाले आहे तसाच आहे. सत्यभामाबाईंनी पांढरा कागद बाटलीमागं धरला आणि म्हणाल्या, "फिका आहे. भांडू नका."

नवव्या दिवशी रामनवमी. कॉलेजला सुट्टी. गावात शोभायात्रेची तयारी, चौकाचौकांत भगव्या पताका, सरबताच्या टाक्या. तिघांपैकी कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण नऊ वाजता सत्यभामाबाई किल्ल्या घेऊन आल्या तेव्हा श्रुतिका पायऱ्यांवर बसलेली होती, आणि त्या कुलूप काढत होत्या तोवर घनश्याम सरांची गाडी फाटकातून आत आली. कपाळाला अष्टगंध, अंगात नवा कुर्ता.

"घरी सांगितलंय अर्ध्या तासात येतो," ते म्हणाले.

बाटल्या जवळजवळ नितळ होत्या. तीन नळ्या मांडल्या. पहिलीत औषधाचं ताजं पाणी, तुलनेला. दुसरीत पहिली बाटली, तिसरीत दुसरी. श्रुतिकानं पहिल्या नळीत थेंब टाकले. निळं झालं, जसं व्हायला हवं तसं. मग ती दुसऱ्या नळीकडं वळली, थांबली आणि बाजूला सरकली.

"मावशी, तुम डालो."

"मी कशी टाकू? माह्या हातानंच तं..."

"टाका बाई," सर म्हणाले.

त्यांनी हात पुसले. काचेची पिचकारी धरली. एक. दोन. तीन. चार. नळी अलगद हलवली, जशा रोज बाटल्या हलवत होत्या तशी.

पिवळं.

तिसरी नळी. चार थेंब. पिवळं.

सत्यभामाबाईंना खरं वाटेना म्हणून त्यांनी पाचवा थेंब टाकला, मग सहावा.

"बाई, आता बाटली रिकामी केली तरी निळं व्हायचं नाही," सर म्हणाले, आणि स्वतःच इतक्या मोठ्यानं हसले की खिडकीतली खार पळाली.

श्रुतिका सत्यभामाबाईंच्या गळ्यात पडली. सहा महिन्यांचा चिखल, तोलकाटा, बसचे धक्के, सगळं त्या मिठीत होतं. सत्यभामाबाईंनी या वेळी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर रस्त्यावर ताशा वाजायला लागला होता.

सर मात्र एव्हाना वही ओढून बसले होते. "पहिल्या दोन फेऱ्यांना बारा दिवस लागले," ते बोटांनी मोजत म्हणाले, "आणि या वेळी नऊ. तीन दिवस आधी. का बरं?"

"पेजेनं तब्येत सुधारली असन," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर जीभ चावली.

सरांनी मान वर केली. ते हसत नव्हते. "असेलही. गर्दी वाढली, मग उपाशी ठेवल्यावर गोळी खाणारे हात जास्त मिळाले, असं असू शकतं. नसूही शकतं. या वेळी आपण सहा वेळा फिरवत होतो, हवा जास्त मिळाली, तेही असेल. एकदा झालं म्हणून काही म्हणता येत नाही. पण जे झालं ते सगळं लिहायचं, श्रुतिका. चुकीसकट. पेज किती, कधी, कशी दिली, सगळं."

"सर, एक्झामिनर हसले तर?"

"हसू देत. हसतील आणि मग पुढचं पान वाचतील."

श्रुतिकानं पेन काढलं आणि सत्यभामाबाईंकडं वळली. "मावशी, तांदूळ किती घेतले होते?"

"मूठभर."

"मूठ म्हणजे किती ग्राम?"

"आता मूठ म्हंजे मूठ. माह्यी मूठ."

शेवटी मांडणीखालच्या डब्यातून तांदळासारखी बारीक वाळू काढून त्यांच्या मुठीनं तीनदा तोलकाट्यावर ठेवली, तेव्हा कुठं आकडा निघाला. तीनही वेळा जवळपास तेवढाच निघाला, आणि सरांनी भुवया वर करून तो आकडा श्रुतिकाला लिहायला सांगितला. मग ते अर्ध्या तासाचं वचन आठवून घाईनं निघाले. दारातून परत वळले आणि म्हणाले, "सही उद्या करतो. फाईल बांधून ठेव."

ते गेल्यावर सत्यभामाबाईंनी प्रेमलालना फोन लावला. ते चौकात शोभायात्रा बघायला बसले होते, मागं ढोल वाजत होते. "पिवळंच राह्यलं," त्या म्हणाल्या. पलीकडं काही ऐकू गेलं नाही. बावीस वर्षांत कॉलेजात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या ओरडल्या, "पिवळं राह्यलं म्हनतो. पोट्टीची फाईल चालली." आणि प्रेमलालनी तिकडून कोणाला तरी सांगितलेलं त्यांना ऐकू आलं, "घरची पास झाली," म्हणून.

त्यांनी फोन पदरात ठेवला आणि नळ्या धुवायला घेतल्या. मागं श्रुतिका शेवटचा तक्ता भरत होती. पेन मधेच थांबलं.

"मावशी, आज तारीख क्या है?"

"रामनवमी."

"ऐसे थोडी लिखते हैं."

"मंग दोन्ही लिही न. जागा नाही का?"

श्रुतिकानं रकान्याकडं बघितलं. जागा होती. तिनं दोन्ही लिहिलं.